कुणाच्या तोंडून

बुटीबोरीच्या कारखान्यांची रांग ओलांडून टाकळघाटच्या रस्त्याला लागलं की काळी जमीन सुरू होते. कपाशी, तूर, धुऱ्यावरच्या बाभळी. उन्हाळ्यात कोरडेठाक पडलेले इथले नाले सप्टेंबरातल्या एका जोरदार सरीने छातीभर होतात. या शेतांच्या अधेमध्ये दगडांची मोठाली वर्तुळं आहेत. कुणी मांडली, कशासाठी मांडली, हे गावाला पुष्कळ पिढ्या ठाऊक नव्हतं. नागपूर विद्यापीठाच्या शां. भा. देवांनी टाकळघाट आणि खापा इथे उत्खनन केलं, त्याचा अहवाल १९७० साली निघाला. आणि लोखंड घडवणाऱ्या, घोडे बाळगणाऱ्या फार जुन्या लोकांनी आपले मृत इथे निजवले होते, हे नीट समजलं. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी एक माणूस याच दगडांपाशी थबकला होता. तो पाद्री होता आणि त्याचं नाव स्टीफन हिस्लॉप.

४ सप्टेंबर १८६३चा तो दिवस. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल यांच्या दौऱ्यात हिस्लॉप सामील झाला होता. दगडांची वर्तुळं पाहून झाली. बाकीचे बोरीच्या मुक्कामाकडे निघाले. हिस्लॉप मागे राहिला. गावातली शाळा त्याला बघायची होती. शाळा समोर दिसली आणि मुलांना चार प्रश्न न विचारता तो पुढे गेला, असं त्याच्या आयुष्यात बहुधा कधी झालंच नसावं. अंधार पडता पडता तो एकटा घोड्यावरून निघाला. मधला नाला चढला होता. मुक्कामावर घोडा पोचला, त्याच्या पाठीवर माणूस नव्हता. लोक दिवे घेऊन धावले, आणि त्यांना मिळाला तो त्याचा देह. आणखी चार दिवसांनी त्याला ४६ वर्षं पूर्ण झाली असती.

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये त्याच्या नावाचं कॉलेज आहे. १८८३ साली सुरू झालेल्या या कॉलेजात मी शिकले, माझे वडील शिकले, आणि आमच्या गल्लीतली अर्धी मुलं शिकली. कॉलेजचा पत्ता टेम्पल रोड. ते नाव मी मनाशी त्या रात्री मुक्कामावर थांबलेल्या मित्राचं म्हणून वाचते. एकाच्या नावाच्या रस्त्यावर दुसऱ्याच्या नावाची इमारत आहे, आणि रोज हजारो मुलं सायकली-स्कूटर लावून त्या दोघांमधून ये-जा करतात.

आम्ही मराठी ख्रिस्ती. मिशन हा शब्द आमच्या घरात भांड्याकुंड्यांसारखा रोजच्या वापरातला होता. मिशनची शाळा, मिशनचा दवाखाना, मिशनचं कम्पाउंड. बाहेरच्या जगात तो शब्द भांडणाचा आहे, हे मोठं झाल्यावर कळलं, आणि त्या भांडणातल्या काही गोष्टी खऱ्या आहेत हेही कळलं. परक्या देशातून परक्यांच्या सत्तेच्या सावलीत माणसं आली. आपल्याजवळ आहे ते या लोकांजवळ नाही, या खात्रीने आली. घरं दुभंगली, आया रडल्या. हे मी नाकारत नाही, आणि कुणी नाकारू नये. पण ज्या माणसांमुळे माझ्या आजीच्या हाती पाटी आली, त्यांच्याकडे मला फिर्यादीसारखं बघता येत नाही. त्यांना इथे कोण भेटलं, इथे त्यांचं काय झालं, हे मला जाणून घ्यावंसं वाटतं. देव बरोबर घेऊन आलेल्या माणसाला परक्या गावात देव पुन्हा भेटतो का? आणि भेटतो तो कुणाच्या तोंडून?

हिस्लॉप स्कॉटलंडमधल्या डन्स नावाच्या लहानशा गावचा. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. धर्मगुरू नेमण्यात जमीनदारांचा आणि सरकारचा हात नको, म्हणून साडेचारशेहून अधिक धर्मगुरू आपली घरं आणि पगार सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च उभं केलं. हिस्लॉप त्या ताज्या, तापलेल्या दिवसांतला तरुण. पुढच्याच वर्षी लग्न झालं आणि पत्नी एरास्माबरोबर तो जहाजात बसला. १८४५च्या सुरुवातीला तो नागपूरला पोचला तेव्हा इथे तिसऱ्या रघूजी भोसल्यांचं राज्य होतं, सीताबर्डीवर ब्रिटिश रेसिडेंट होता आणि कामठीला फौजेची छावणी. त्याच्या मिशनसाठी पहिला पैसा आला तोही अशाच एका छावणीतल्या अधिकाऱ्याकडून. हिल नावाच्या त्या अधिकाऱ्याने तो आपल्या दिवंगत पत्नीच्या आठवणीखातर दिला होता. एका माणसाच्या दुःखातून दुसऱ्या माणसाचं काम सुरू होतं, हे मला त्या सगळ्या कागदोपत्री इतिहासात फार जवळचं वाटतं.

१८४६ साली त्याने शहरात शाळा उघडली. बाप्तिस्मा घेणारे थोडेच होते. अठरा वर्षांच्या कष्टांनंतरही थोडेच राहिले. मिशनच्या हिशेबात ही उणी बाजू धरतात. मला मात्र वाटतं, हा माणूस वाढला तो त्या हिशेबाच्या बाहेर.

१८४७ साली रॉबर्ट हंटर नावाचा दुसरा तरुण मिशनरी त्याच्या जोडीला आला. दोघांनाही फिरायची आवड, आणि दोघांचेही डोळे जमिनीकडे. बर्डीच्या पश्चिमेला टाकळीच्या बाजूला ते चालत जात. आजची पोलीस लाइन टाकळी, गिट्टीखदान, काटोल रोड हा तो भाग. गिट्टीखदान या नावातच तिथलं काम आहे: खडक फोडायचा, गिट्टी काढायची. आपण सगळे नागपूरकर त्या काळ्या खडकावर राहतो आणि त्याला पाया खणताना शिव्या देतो. हे दोघे त्या खडकापाशी वाकले. लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये त्यांना मातीचा एक पातळ थर दिसला, आणि त्या थरात शंख होते. गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे बारीक शंख, बिया, फळं, किड्यांच्या पंखांचे तुकडे. ज्वालामुखीच्या दोन उद्रेकांमधल्या उसंतीत इथे तळं होतं, तळ्याकाठी झाडं होती, झाडांना फळं धरत होती. पुन्हा आग वाहिली आणि सगळं झाकलं गेलं. आज आपण या थराचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास सांगतो. त्या दोघांना आकडा ठाऊक नव्हता, पण काळ फार म्हणजे फार लांब आहे, हे त्यांच्या बोटांना लागलं होतं.

नागपूरच्या परिसराच्या भूविज्ञानावरचा त्यांचा निबंध १८५५ साली लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात छापून आला. मांगलीच्या वालुकाश्मातली एका प्राचीन उभयचराची कवटी त्यांच्यामुळे लंडनला गेली आणि रिचर्ड ओवेनने तिला ब्रॅकिऑप्स असं नाव दिलं. पुढे एका खनिजाला हिस्लोपाइट म्हणू लागले, आणि सेराटोडस या फुप्फुसमाशाच्या एका जातीला हिस्लॉपियानस. वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्याची प्रचंड हाडं, जी पुढे डायनोसॉरची म्हणून जगाला माहीत झाली, ती गोळा करणाऱ्या पहिल्या लोकांतही हिस्लॉप होता.

डार्विनचं पुस्तक यायला अजून चार वर्षं होती, पण दगडांनी धर्मग्रंथाशी वाद मांडला आहे अशी कुजबुज युरोपात तेव्हाच होती. कित्येक धर्मगुरू त्या दगडांकडे पाठ फिरवून बसले. हे दोघे सकाळी मुलांना बायबल शिकवत आणि संध्याकाळी हातोडी घेऊन टाकळीला जात. देवाने केलेलं जग वाचायला देवाच्या माणसाने भ्यावं कशाला? माझ्या मते त्यांच्या श्रद्धेचा सगळ्यात निकोप भाग टाकळीच्या त्या फेरफटक्यात होता. खरी श्रद्धा माणसाला खाली वाकून बघू देते.

आणि मैत्रीही तिथलीच. परक्या मुलखात, परक्या उन्हात, संध्याकाळी बरोबर चालायला कुणी असणं. १८५५ साली प्रकृती ढासळल्यामुळे हंटरला परत जावं लागलं. तिकडे पुढे त्याने सात खंडांचा एक मोठा इंग्रजी कोश तयार केला. हिस्लॉप इथे उरला. दरम्यान रघूजी वारले होते, डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं होतं, सत्तावन्न यायचं होतं. या वर्षांत तो खेड्यांकडे, आणि खेड्यांपलीकडे रानाकडे, जास्त जास्त जाऊ लागला. थंडीत तंबू घेऊन फिरायचा. मराठी तो शिकलेला होताच. आता गोंडी शब्द टिपू लागला.

इथे या गोष्टीत तो माणूस येतो, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

गोंडांचे परधान. गोंडांची वंशावळ, देवांची कुळं, मृतांचे विधी, सगळं ज्यांच्या मुखात असतं ते लोक. हातात किंगरी घेऊन यजमानाच्या अंगणात बसायचं आणि रात्रभर गायचं, हा त्यांचा धर्म आणि हेच पोट. नागपूर भागातल्या अशाच एका परधानाच्या तोंडून हिस्लॉपने लिंगोचं गीत उतरवून घेतलं. सुमारे हजार ओळी, पाच भाग. हे काम एका बैठकीचं नव्हे. गाणाऱ्याला सवय गाण्याची, लिहिणाऱ्याला गरज थांबण्याची. ओळ म्हणायची, थांबायचं, शब्द पुन्हा म्हणायचा, त्याचा अर्थ मराठीतून सांगायचा, मग पुढची ओळ. ज्याने कुणाची आजी गाताना तिची ओवी वहीत उतरवायचा प्रयत्न केला असेल, त्याला हे कळेल. दोन माणसं एकमेकांना जपली तरच असं काम तडीस जातं.

काय होतं त्या गीतात? गोंडांना महादेवाने काचीकोपा लोहागडच्या गुहेत कोंडलं. मोठी शिळा तोंडाशी लावली. चौघेच निसटले आणि रानात गेले. लिंगो त्यांना भेटला, त्यांच्यात राहिला, त्यांना जगणं शिकवलं. त्याच भावांनी त्याला मारलं. मग अमृताने तो पुन्हा जिवंत झाला. उठला, आणि गुहेत कोंडलेल्या सगळ्यांना सोडवायला निघाला. महादेवाने अट घातली. ती पुरी करायला जाताना त्याने एका मोठ्या पक्ष्याची पिल्लं सापापासून वाचवली, आणि तो पक्षी त्याच्या कामी आला. अखेर शिळा सरली, माणसं बाहेर आली, लिंगोने त्यांना कुळं दिली, लग्नाचे विधी दिले, देव दिले.

आता डन्सचा तो पाद्री डोळ्यांसमोर आणा. आपल्याच माणसांनी ज्याचा जीव घेतला, जो मेलेल्यांतून उठला, ज्याने गुहेच्या तोंडची धोंड सारून कोंडलेल्यांना मोकळं केलं, अशाची कथा सांगायला तो घरदार सोडून समुद्र ओलांडून आला होता. आणि इथे, अंगावर जेमतेम वस्त्र असलेला एक परधान किंगरीवर त्याला तशीच कथा ऐकवतो आहे. दोन्ही गोष्टी एकच आहेत असं मी म्हणणार नाही. लिंगो लिंगो आहे आणि येशू येशू. पण ऐकताना त्याच्या हातातली लेखणी एक क्षण तरी थांबली असेल, यावर माझा विश्वास आहे. नंतर त्याच्या मनात काय झालं ते मला ठाऊक नाही. त्याने केलं काय, एवढं मात्र कागदावर आहे: तो सगळं लिहून घेत गेला. गोंडी शब्द जसाच्या तसा, खाली अर्थ. मधेच थांबवून त्याने स्वतःची गोष्ट त्यात घातली नाही. धर्म सांगायला आलेल्या माणसाने दुसऱ्याचा धर्म शेवटच्या ओळीपर्यंत ऐकला. मिशनच्या अहवालात या कामासाठी रकाना नसतो.

नाल्याने त्याला नेलं तेव्हा हे कागद त्याच्या मेजावर तसेच होते. टेम्पलने ते गोळा केले, टिपणं जोडली, प्रस्तावना लिहिली आणि १८६६ साली नागपुरातच छापले. मेलेल्या मित्राची वही छापून काढणं ही मैत्रीची मोठी खूण आहे; स्मारकं कुणीही बांधतं. टेम्पल पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याने पुष्कळ पुस्तकं लिहिली, पण विदर्भाने त्याचे आभार मानावेत ते या एका पुस्तकासाठी. काही वर्षांतच जेम्स फोरसाइथने सातपुड्यावरच्या आपल्या ग्रंथात तेच गीत इंग्रजी पद्यात घातलं आणि ते जगभर गेलं.

परधानाचं नाव मात्र राहिलं नाही.

या गोष्टीची मला नेहमी दुसऱ्या एका गोष्टीशी जोड लागते. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत कवी नारायण वामन टिळक बसले होते. नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने त्यांनी काही काळ काम केलं होतं, ‘ऋषि’ नावाचं मासिक काढलं होतं; आता नवी नोकरी होती. डब्यात एक गोरा गृहस्थ. बोलणं संस्कृत काव्यावरून निघालं आणि धर्मावर आलं. उतरताना त्या गृहस्थाने टिळकांना नवा करार दिला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं म्हटलं. टिळक पुस्तक वाचू लागले आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई मागे राहिल्या. त्या पाच वर्षांचं दुःख त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे, आणि ते न वाचता कुणी मिशनबद्दल गोड बोलू नये. पण १९०० साली त्याही आल्या, आपल्या पायांनी, आपल्या वेळेला.

हिस्लॉपच्या गोष्टीत साहेबाचं नाव उरलं आणि गाणाऱ्याचं गेलं. टिळकांच्या गोष्टीत कवीचं नाव उरलं आणि साहेब डब्यातला एक सहप्रवासी म्हणून राहिला. मला ही फिट्टंफाट वाटत नाही. त्या सहप्रवाशाला गाडीतून उतरून जायला त्याचं स्वतःचं गाव होतं, त्याच्या पाठीमागे त्याचं चर्च होतं, राज्यही होतं. परधानापाशी फक्त गाणं होतं, आणि ते त्याने दिलं.

माझी आजी बर्डीवरच्या मूर हॉस्पिटलात नर्स होती. डॉ. ॲग्नेस हेंडरसन या स्कॉटिश डॉक्टरबाईंनी बायकांसाठी उभं केलेलं ते हॉस्पिटल १८९६पासूनचं. आजीच्या वेळी तिथे दुसरी एक स्कॉटिश मिसबाई होती. तिचं नाव आजी कधी घेत नसे, ‘माझी मिसबाई’ एवढंच म्हणे. रात्रपाळीत दोघी मिळून बाळंतिणी बघायच्या. मिसबाई आजीला इंजेक्शनं शिकवायची, आजी मिसबाईला बाळंतिणीची शेक-शेगडी. ती मायदेशी परतल्यावरही कित्येक वर्षं नाताळला तिचं पत्र यायचं, मराठीत, मोठ्या गोल अक्षरांत. मी आजीला एकदा विचारलं, तिने तुला देव शिकवला का गं? आजी म्हणाली, ‘‘देव तं माह्या मायनंच शिकोला होता, बाई. मिसबाई माह्यासंगं जागली.’’

याच वाटेवरची आणखी एक जोडी सांगायला हवी. १९२७ साली ऑक्सफर्डहून व्हेरियर एल्विन नावाचा तरुण धर्मगुरू पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला. तिथे त्याला शामराव हिवाळे भेटला, मराठी ख्रिस्ती मुलगा. नागपूरच्या बिशपांशी एल्विनचं जमलं नाही. ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घ्यायची त्याची तयारी नव्हती, आणि त्याशिवाय परवाना मिळेना. मग १९३२च्या जानेवारीत दोघे परवान्याविनाच मैकलच्या डोंगरांत करंजियाला गेले आणि गोंडांमध्ये झोपडी बांधून राहिले. १९३५ साली एल्विनने चर्च सोडलं. शामरावने त्याला सोडलं नाही. दोघांनी मिळून गोंडांची गाणी गोळा केली, आणि १९४६ साली शामरावचं स्वतःचं पुस्तक आलं. विषय होता नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातले परधान. हिस्लॉपसमोर बसलेल्या त्या निनावी माणसाच्या जातभाईंवर, त्यांच्या देवांवर आणि त्यांच्या हलाखीवर, एका मराठी माणसाने पुस्तक लिहिलं. एल्विनचं नाव सगळीकडे आहे. शामरावचं नाव मराठीतही फारसं कुणी घेत नाही, आणि हे मला बोचतं.

ज्या चर्चने एल्विनला परवाना नाकारला ते आणि हिस्लॉपच्या वारशातलं स्कॉटिश चर्च धरून उत्तर भारतातली सहा चर्चं २९ नोव्हेंबर १९७० रोजी एक झाली, तीही इथेच, नागपुरात. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. १८४३च्या फुटीतून निघालेली एक वाट इतकी लांब येऊन आपल्या गावात दुसऱ्या वाटांना मिळाली. या एकत्र येण्यासाठी झटणाऱ्या पिढीत हिस्लॉप कॉलेजचे प्राचार्य डेव्हिड मोझेस होते. १९६१ साली दिल्लीच्या अधिवेशनात ते जागतिक चर्च परिषदेच्या अध्यक्षमंडळात निवडले गेले होते.

माघ पौर्णिमेला गोंदिया जिल्ह्यात सालेकशाजवळ कचारगडला लाखो गोंड जमतात. गोंडांना कोंडलेली गुहा ती हीच, असं ते मानतात. तिथे किंगरी अजून वाजते. हिस्लॉपने जे ऐकलं ते आजही ऐकायला मिळतं, आणि त्यासाठी पाद्री असावं लागत नाही की पंडित. शेजारी बसायला मात्र हवं, आणि गाणं संपेपर्यंत उठायचं नाही.

लिंगोचं ते गीत गोंडी आणि मराठी समोरासमोर ठेवून कुणीतरी पुन्हा छापावं. नागपुरातल्या एखाद्या प्रकाशकाने, विद्यापीठाने किंवा हिस्लॉपच्या नावाच्या कॉलेजने छापावं. छापाल तेव्हा मुखपृष्ठावर टेम्पलच्या आणि हिस्लॉपच्या नावांआधी एक ओळ घाला: गायक, नागपूर मुलखातला एक परधान.